शकूचा दुसरा आवाज

शकू,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. भाजी निवडता निवडता डोकं धरलंस, भास्करभाऊंना हाक मारलीस, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. ज्या पोटानं तुला वीस वर्षं छळलं, त्याचा यात काही संबंध नव्हता. हे ऐकल्यावर मला रडू यायच्या आधी रागच आला. त्या पोटाला तू आत्ता कुठे ताळ्यावर आणलं होतंस, आणि हे भलतंच कुठून आलं?

भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल एकच शब्द सारखा वापरतात. सोशिक. ‘फार सोशिक होती हो.’ तुझा नवरा म्हणून भास्करभाऊ मान डोलावतात, मी गप्प बसते. पण मला तो शब्द पटत नाही. तू सोशिक कुठे होतीस? तू भांडखोर होतीस, हट्टी होतीस, आणि निम्म्या वेळी माझ्याशीच भांडत होतीस. लोकांनी तुला सोशिक करून टाकण्याआधी मला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवते.

जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपण दोघी एकाच वेळी लागलो. तू धुळ्याची, मी जामनेरची. परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर आपल्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. कानाला हेडफोन, समोर कॉर्डांचं जंजाळ, आणि सकाळी सातपासून केळीवाल्यांची घाई. सावद्याहून दिल्ली, रावेरहून दिल्ली, सगळ्यांना भाव विचारायचा आणि सगळ्यांचा कॉल अर्जंट. त्या गोंगाटात तुझा आवाज इतका गोड आणि बारीक होता, की सराफ बाजारातले एक शेठ मुद्दाम तुझ्या ड्यूटीत कॉल बुक करायचे. तू ‘नमस्कार, जळगाव’ म्हणालीस की आम्ही बाकीच्या एकमेकींकडे बघून हसायचो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मला काही कळलं नाही. मग एकदा तुझ्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या हातानं तू कॉर्ड लावत होतीस, कॉलच्या तिकिटावर वेळ लिहीत होतीस, आणि डाव्या हातानं टेबलाची कड अशी धरली होतीस की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावर घाम. आवाज मात्र तसाच. ‘तीन मिनिटं झाली साहेब, वाढवायची का?’ कॉल संपला तशी तू हेडफोन काढलास, बाथरूमपर्यंत गेलीस आणि तिथं खालीच बसलीस.

“पोट दुखतंय. चौदाव्या वर्षापासून दुखतं,” तू म्हणालीस. “जा, माझा बोर्ड बघ. लाइटनिंग कॉल आहे, मिनिटभरही थांबणार नाही.”

तेव्हापासून दर महिन्याला तीन दिवस तुझा बोर्ड मी बघायला लागले. ‘माझ्या दोन्ही पाळ्या विमलला पाठ आहेत, ड्यूटीची आणि महिन्याची,’ असं तू सगळ्यांसमोर म्हणायचीस आणि मी लाजून लाल व्हायचे.

तुझ्या आईला मी तेव्हा पहिल्यांदा भेटले. त्या धुळ्याहून लोणच्याची बरणी घेऊन आल्या होत्या. मी तुझ्या दुखण्याचा विषय काढला तशा हसून म्हणाल्या, “बठ्ठ्या बायास्नं दुखस. हिन्हंच काय नवल शे?” त्यांचं तरी काय चुकलं? सगळ्याच बायकांना दुखतं, असं आपल्या सुपरवायझर चौधरीबाईही म्हणायच्या, तुझ्या सासूबाई तेच म्हणायच्या, आणि दोन डॉक्टरही तेच म्हणाले. लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मूल झालं की थांबेल. मूल झालं नाही, आणि दुखणं तीन दिवसांचं सहा दिवसांवर, मग दहावर गेलं. आधी एक गोळी पुरायची. मग दोन, मग चार. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली तेव्हा तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

त्या दिवशी संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. चेहरा इतका शांत होता, की मला वाटलं काहीतरी आनंदाची बातमी आहे.

“विमल, दुखत नाही,” तू म्हणालीस. “अजिबात दुखत नाही गं. तुम्ही सगळ्या रोज अशाच असता का?”

हा प्रश्न मी विसरू शकत नाही. त्या वेळी मला फक्त बरं वाटलं. देवापुढे साखर ठेवली मी.

पुढचं सगळं मी पाहिलं आणि उशिरा समजून घेतलं. महिन्यातून एक इंजेक्शन होतं ते आठवड्याला एक झालं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून तू स्वतः टोचायला शिकलीस. काचेची सिरिंज स्टीलच्या डबीत घालून तू ती लॉकरमध्ये, डब्याच्या मागे ठेवायचीस. एकदा विश्रांतीच्या खोलीचं दार उघडून मी आत आले, तर तू मांडीत सुई टोचत होतीस. मांडीवर जागोजागी दगडासारख्या कडक गाठी झालेल्या. तू साडी खाली ओढलीस.

मी म्हणाले, “आज तुझी तारीख नाही.”

“दुखतंय.”

“शकू, आज तुझी तारीख नाही. तुझी तारीख तुझ्याआधी मला कळते.”

“मग तुझ्या पोटात घालून बघ हे दुखणं! तारखा कसल्या सांगतेस?” आणि मग तुला राग अनावर झाला की तोंडात यायची तशी तुझी धुळ्याची बोली आली. “तू मन्ही मैतरीन शे का पोलीस शे?”

मी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी भास्करभाऊंच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत त्यांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. डबीचं सांगितलं, गाठींचं सांगितलं. ते शाळेच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, “मला वाटायचं, ती माझ्यावर नाराज आहे. म्हणून जवळ येऊ देत नाही.” बिचाऱ्यांना त्या गाठी ठाऊकच नव्हत्या.

मी सांगितलं हे तुला त्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवसापासून तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. खुर्च्या शेजारी, कोपर कोपराला लागतंय, आणि आपल्यात फक्त कामाचे शब्द. ‘भुसावळ लाईन दे.’ ‘घे.’ ‘तिकीट.’ ‘हे घे.’ दीड महिना. चौधरीबाईसुद्धा शेवटी म्हणाल्या, “अगं, भांडा तरी!” पण तू भांडायलाही तयार नव्हतीस.

भास्करभाऊंनी तुला धुळ्याला नेलं. तुझ्या माहेराजवळच्या त्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तुला झोपवून, दाबून, नीट विचारून तपासलं, आणि ऑपरेशन करून आत बघितलं. तेव्हा त्या दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलत्या जागी वाढतं, दर महिन्याला तिथंही रक्त साचतं, आतडी आणि गर्भपिशवी एकमेकांना चिकटतात. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद तू कित्येक वर्षं पर्समध्ये ठेवलास. कुणी ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणालं की तो काढून दाखवायचीस.

पण सुईचं काय? मी तुला भेटायला एसटीनं धुळ्याला आले तो दिवस सांगते. बाईंनी इंजेक्शन कमी कमी करत आणलं होतं. तुझ्या आई दवाखान्यातल्या खोलीच्या दाराशीच भेटल्या. “आज ती कोनशीच बोलत नही,” म्हणाल्या. “मन्हाशीबी नही.” आत तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. नाक वाहत होतं, पांघरूण घामानं भिजलेलं, पाय सारखे हलत होते. ऑपरेशनचे टाके, त्यात पोट दुखतंय, आणि त्यात हे. मी स्टुलावर बसले. तासाभरानं डॉक्टरीणबाई आल्या. तू भिंतीकडेच बघत त्यांना विचारलंस, “बाई, खरं सांगा. माझं दुखणं खरं होतं का मी गर्दुल्ली आहे?”

त्या तुझ्या कॉटवरच बसल्या. “दुखणं खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि सुईची सवय लागली, हेही खरं आहे. दुखणाऱ्या माणसाला सवय लागते, त्यात लाज कसली? पण ती सोडावी लागेल. दुखणं राहील थोडंफार, त्याचं आपण दुसरं बघू.”

तू पांघरूण डोक्यावर ओढलंस. मी निघाले तेव्हा मात्र, न वळता, तुझा आवाज आला. “बस चार वाजता आहे. पाणी पिऊन जा.”

त्या अबोल्यानंतरचं तुझं माझ्याशी पहिलं बोलणं ते.

अठरा दिवसांत सुई सुटली. ती मी सोडवली नाही, भास्करभाऊंनी नाही, बाईंनीही नाही. तू सोडलीस. तिसऱ्या दिवशी तू आईच्या पाया पडून एक इंजेक्शन मागितलंस आणि पाचव्या दिवशी शिव्या दिल्यास, हे तुझ्या आईनं मला सांगितलंय. सातव्या दिवशी कुणाकडून तरी चोरून मागवलेलं इंजेक्शन हातात आलं, आणि ते तू स्वतःच बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलंस, हेही त्यांनीच सांगितलं. तू यातलं काहीच कधी बोलली नाहीस.

मग त्या कॅप्सूल आल्या. सहा-नऊ महिने घ्यायच्या, पाळी बंद राहील, आतलं वाढणं थांबेल. बाईंनी समोर बसवून बजावलं होतं. वजन वाढेल, हनुवटीवर लव येईल, आणि आवाज जाड होऊ शकतो. ‘आवाजात जरा जरी फरक वाटला तरी लगेच कळवायचं, कारण तो परत येईलच असं नाही.’ भास्करभाऊ म्हणाले, “हिची नोकरीच आवाजाची आहे, बाई.” तू म्हणालीस, “बघू.”

तिसऱ्या महिन्यात मला फरक कळला. ‘नमस्कार, जळगाव’ यातला ‘जळगाव’ खाली पडला, खर्जात. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, नाही अशी. जेवणाच्या सुट्टीत मी म्हणाले, “बाईंना पत्र टाक.”

“नाही टाकणार.”

“आवाज जाईल शकू.”

“जाऊ दे. विमल, मला तीन महिने झाले दुखलेलं नाही. सुईशिवाय दुखलेलं नाही. सकाळी उठते, आणि नुसती उठते. तुला नाही कळायचं. या वेळी कुणाला सांगू नकोस.”

या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. अजून दोन महिने तू त्या कॅप्सूल घेतल्यास. मग बाईंनी तपासणीत तुझं बोलणं ऐकलं, रागावल्या आणि त्या बंद केल्या. जुना आवाज परत आला नाही.

आणि मग ती गंमत सुरू झाली, जी सुरुवातीला गंमत अजिबात नव्हती. “हॅलो भाऊ, जरा अमळनेर लावा.” “अहो भाऊ, किती वेळ?” पहिल्या दिवशी तू बाथरूममध्ये जाऊन रडलीस. दुसऱ्या दिवशी परत रडलीस. तिसऱ्या दिवशी एका केळीवाल्यानं ‘भाऊ’ म्हटलं तेव्हा तू बोर्डावर ताठ बसलीस आणि म्हणालीस, “भाऊ नाही, बाई आहे. नंबर सांगा.” त्यानंतर ते तुझं वाक्यच झालं.

चौधरीबाईंनी तुला बोर्डावरून काढून रेकॉर्डला बसवायचं ठरवलं. ग्राहक गोंधळतात, म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तुला त्रास नको, असंही त्यांना वाटत असेल. पण तू थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलीस, आणि साक्षीला मला ओढून नेलंस.

“साहेब, बोर्डावर काय लागतं? ऐकू जायला पाहिजे आणि नंबर चुकायला नको. तुम्ही इथून दोन कॉल बुक करा. मी लावते. चुकले तर उद्यापासून रेकॉर्डला बसते.”

साहेब गृहस्थ माणूस. त्यांनी खरंच अमळनेर आणि दिल्ली मागितलं. दिल्लीची लाईन त्या दिवशी इतकी खरखरत होती की बाकीच्यांचं बोलणं पलीकडे पोचत नव्हतं. तुझा तो खालच्या पट्टीतला आवाज सरळ पोचला. साहेबांनी फोन ठेवला आणि चौधरीबाईंना म्हणाले, “हिला दिल्लीलाच बसवा.”

त्या संध्याकाळी आपण एक्स्चेंजसमोरच्या गाडीवर भजी खाल्ली. तू तीन प्लेट खाल्ल्यास. मला आयुष्यात कुणाचा एवढा अभिमान वाटला नव्हता, पण मी तेव्हा एवढंच म्हणाले, ‘तेलकट आहे, बेतानं.’

दुखणं परत आलं, पण पूर्वीएवढं नाही. आता तू सुईला हात लावत नव्हतीस, मात्र गोळ्यांचीही तुला भीती बसली होती. परत तसंच झालं तर? म्हणून तू गोळ्यांची पट्टी माझ्याकडे दिलीस. ‘आठ वाजता एक, दोन वाजता एक. मी मागितली तरी जास्त द्यायची नाही.’ ज्या बाईनं तुझी चुगली केली तिच्याच हातात तू ती पट्टी ठेवलीस. मी ती दीड वर्ष सांभाळली.

आणि मग तो दिवस. अकरा वाजता तू माझ्याकडे हात पुढे केलास. “एक दे.” मी म्हटलं, “दोनला.” तू म्हणालीस, “विमल, आज निराळं आहे.” मी म्हटलं, “तूच सांगितलंयस.” मला वाटलं मी घट्ट राहतेय, मैत्री निभावतेय. अर्ध्या तासानं तू खुर्चीवरून खाली घसरलीस. अंडाशयावरची गाठ फुटली होती. तातडीनं ऑपरेशन करावं लागलं, एका बाजूचं अंडाशय काढावं लागलं. त्या गोळीनं काही थांबलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पण तू ‘आज निराळं आहे’ म्हणालीस, आणि मी तुझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं.

घरी आल्यावर तू ती पट्टी माझ्याकडून मागून घेतलीस. “आता माझं मी बघते,” एवढंच म्हणालीस. रागानं नाही. आणि तू बघितलंस. एका वहीत रोज लिहायचीस, कुठे दुखतं, किती दुखतं, गोळी घेतली का, न घेता शेक घेतला का. जास्त घ्यावीशी वाटली तर तेही लिहायचीस. दर तीन महिन्यांनी ती वही घेऊन धुळ्याला जायचीस. कुणाचा पहारा नव्हता. मी त्या वह्या पाहिल्यात. कुठेही खाडाखोड नाही.

भास्करभाऊंना सांगितलं ते बरोबर होतं, असं मला अजून वाटतं. गोळी नाकारली ते चुकलं, हेही वाटतं. या दोन्हींबद्दल तू कधी काही म्हणाली नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. वाटायचं, दोघी रिटायर झालो की निवांत भांडू.

एसटीडी आली, ट्रंक बोर्ड रिकामे झाले, आपण चौकशीच्या टेबलावर आलो. त्याच सुमारास ती कर्मचाऱ्यांची सभा झाली. साहेबांनी विचारलं, महिलांच्या काही अडचणी? सगळ्या खाली बघत होत्या. तू उभी राहिलीस. समोर शंभरेक पुरुष. “साहेब, पाळीच्या दिवसांत काही बायकांना उभं राहवत नाही. विश्रांतीच्या खोलीत बाक आहे, खाट नाही. मी सात वर्षं तिथल्या फरशीवर झोपले. खाट पाहिजे आणि गरम पाण्याची सोय पाहिजे.” त्या आवाजात ‘पाळी’ हा शब्द सगळ्या हॉलमध्ये घुमला. मागून कुणीतरी हसलं. तू मागे वळून म्हणालीस, “हसा. तुमच्याही घरी आहेत.” पंधरा दिवसांत खाट आली.

परवा ऑफिसात तुझी शोकसभा झाली. साहेबांनी तुझी नोकरीची वर्षं वाचून दाखवली. चौधरीबाई, रिटायर झालेल्या, मुद्दाम आल्या आणि म्हणाल्या, “फार सोशिक.” मग मला बोलायला सांगितलं. मी भास्करभाऊंकडे बघितलं. आजाराचं तू सगळ्यांना सांगायचीस, सुईचं कधीच नाही. ते सांगायचा मला अधिकार आहे का, हे मला कळत नव्हतं. भास्करभाऊंनी हलकेच मान डोलावली.

मी सांगितलं, शकू. दोन वर्षं सुई होती, गाठी होत्या, आणि सुई तिनं स्वतः सोडली, असं सांगितलं. तुझे दीर खाली बघायला लागले. कुणीतरी खोकलं. मी थांबले नाही. तू दुसऱ्यांदा माझ्याशी बोलणं बंद केलं असतंस कदाचित. चालेल.

सभा संपल्यावर हिशेब विभागातल्या प्रमिलाताई जिन्यात थांबल्या होत्या. त्यांच्याशी माझी फारशी ओळख नाही. माझ्याकडे न बघता, जिन्याचा कठडा धरून त्यांनी विचारलं, “सुई सोडताना किती दिवस त्रास झाला त्यांना?”

“अठरा,” मी म्हणाले. कुणासाठी विचारताय, हे मी विचारलं नाही.

“आणि मग? सुटली?”

“सुटली. नंतर नऊ वर्षं शिवली नाही.”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “धुळ्याच्या त्या बाईंचा पत्ता आहे तुमच्याकडे?”

मी तिथंच जिन्यात बसून तो लिहून दिला. अक्षर नीट यावं म्हणून दोनदा लिहिला.